घरात कुणाला आहे का?

खानदेशात माणूस आजारी पडला की आधी डॉक्टर शोधत नाही, ओळख शोधतो. अमक्या दवाखान्यात आपलं कोण आहे? कंपाउंडर असो, गेटवरचा वॉचमन असो, पण आपला पाहिजे. आपला माणूस असला की नंबर लवकर लागतो, डॉक्टर दोन शब्द जास्त बोलतात आणि दवाखाना परका वाटत नाही. मेघाच्या धाकट्या बहिणीचं, पुनमचं, डोळ्यांचं लेझर ऑपरेशन ठरलं तेव्हा तर ओळख शोधायलाही जावं लागलं नाही. मेघाचा सख्खा दीर ललित धुळ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातच कामाला होता. डोळे तपासायचा कोर्स केलेला, हसतमुख, वहिनीच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा. याहून जवळची ओळख ती कोणती? आणि पुनमचा घात झाला तो या ओळखीनेच.

पुनम जळगावला मेहरूणमध्ये वडिलांजवळ राहायची. वडील पंडितनाना मूळचे पहूरचे. शेत बटाईने लावून मुलींच्या शिक्षणासाठी शहरात येऊन राहिले ते तिथलेच झाले. आई गेली तेव्हा मेघा सतरा वर्षांची होती आणि पुनम दहा. तेव्हापासून पुनमची वेणी मेघाने घातली, तिच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही मेघाने केली. मेघाचं लग्न होऊन ती धुळ्याला देवपुरात गेली तरी पुनमचा दिवसातून एक फोन ठरलेला.

पुनमच्या हातात आरीकाम होतं. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि आकडीच्या सुईने ब्लाऊजवर मोती, जरी, टिकल्या भरायच्या. लग्नसराईत चोपड्याच्या, भुसावळच्या नवऱ्या मुली तिच्याकडे यायच्या. दुसऱ्यांच्या लग्नाचे ब्लाऊज ती भरायची आणि तिचं स्वतःचं लग्न चष्म्यावर अडलं होतं. साडेपाचचा नंबर, जाड भिंगं. तीन स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि निरोप आला, मुलगी छान आहे, पण चष्मा. त्यातल्या एकाचं टक्कल त्याच्या वडिलांच्याही पुढे गेलेलं होतं. पण मुलगी पाहायला आलेल्याला आरसा दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही.

"स्थळांचं जाऊ दे गं," पुनम म्हणायची. "मला फक्त सकाळी उठल्यावर छताचा पंखा दिसला पाहिजे. चष्मा चाचपडायच्या आधी."

एका हळदीकुंकवाच्या गर्दीत हे ललितच्या कानावर गेलं आणि त्याने लगेच सांगून टाकलं, "आमच्याकडे लेझर होतं. आणा तिला. घरचा माणूस असताना दुसरीकडे कशाला जायचं?"

मेघाने घाईने विषय बदलला. कारण मेघाच्या डोळ्यांची एक गोष्ट सासरी कुणालाच माहीत नव्हती.

ती एकवीस वर्षांची असताना तिला एकाचे दोन दिसायला लागले. चष्म्याचा नंबर दर चार महिन्यांनी बदलायचा. शेवटी नाना तिला नाशिकला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी केरॅटोकोनस असं नाव सांगितलं आणि समजावून दिलं, की बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने पुढे फुगतो, सायकलची ट्यूब झिजलेल्या जागी फुगते तसा. तो फुगवटा आहे तिथेच थांबवायला डोळ्यात पिवळे थेंब घालून वरून विशिष्ट प्रकाश सोडला. दोन्ही डोळ्यांना केलं. आजार थांबला. पुढे कडक लेन्स लावून मेघाला चांगलं दिसायला लागलं. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "डोळे चोळायचे नाहीत. आणि धाकट्या बहिणीचेही तपासत राहा. हा आजार घरात फिरतो."

एसटीत बसल्यावर नानांनी दवाखान्याचे कागद घडी करून तिच्या पिशवीत तळाशी सारले. मग म्हणाले, "पोरी, हे कोणले सांगायचं नाही. तुले लेन्स आहे, नंबर आहे, बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

नाना वाईट नव्हते. बायको गेलेली, पदरात दोन मुली, आणि समाजात एका घरची बातमी चार तालुक्यांत फिरते. मुलीच्या नावापुढे एकदा आजार लागला की तो तिच्या बहिणीच्याही नावापुढे लागतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पुनम तेव्हा चौदा वर्षांची. तिला सांगितलं, ताईचे डोळे आले होते. मेघाच्या लग्नात प्रेमराजच्या घरच्यांना सांगितलं, नंबर आहे म्हणून लेन्स वापरते. खोटं काहीच नव्हतं, फक्त खरं पुरतं नव्हतं.

आता पुनमला दुसऱ्या दवाखान्यात न्यावं, तर ललित विचारणार, आमच्याकडे का नाही? सासू विचारणार, नवरा विचारणार. नानांना तर आनंदच झाला होता. "व्याह्यांच्या घरचा पोरगा आहे. डोळे मिटून जायचं," असं ते खरोखर म्हणाले.

दवाखान्यात दोन तास तपासण्या चालल्या. पुनमच्या बुबुळांचे रंगीत नकाशे निघाले. मग ललित एका छोट्या खोलीत फॉर्म घेऊन बसला. समोर पुनम, तिच्या शेजारी मेघा. साखर आहे का, नाही. सांधेदुखी, नाही. कुठलं औषध चालू, नाही. पेन भराभर चालत होतं. मग तो थांबला.

"वहिनी, हे जरा नीट सांगा. हिचा उजव्या डोळ्याचा नकाशा थोडा काठावरचा आहे. म्हणजे आजार नाही, पण अगदी सरळही नाही. मॅडम म्हणाल्या, घरात कुणाला बुबुळाचा आजार असेल तर लेझर करायचं नाही, नसेल तर करता येईल. तर घरात कुणाला आहे का? केरॅटोकोनस वगैरे?"

पुनमने मेघाकडे पाहिलं. घरातलं काही विचारलं की ती लहानपणापासून मेघाकडेच बघायची.

मेघाला तो शब्द नाशिकनंतर पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकू आला होता. तिला कळलं होतं. तिला अगदी स्वच्छ कळलं होतं, आणि हेच पुढे तिला खात राहिलं. पण विचारणारा होता तिचा दीर. आता 'मला आहे' म्हटलं की संध्याकाळी देवपुरातल्या स्वयंपाकघरात ती गोष्ट पोहोचणार. सासू म्हणणार, फसवलं आम्हाला. प्रेमराज काही म्हणणार नाही, पण त्याचं काही न म्हणणंच तिला जास्त भीतीचं वाटलं. आणि मनाने लगेच एक वकील उभा केला. पुनमला तर नुसता नंबर आहे, मशीनने आजार नाही म्हटलंय, डॉक्टर काय आंधळे आहेत का?

"नाही," मेघा म्हणाली. "कुणालाच नाही."

ललितने फॉर्मवर 'नाही'समोर खूण केली. पुनमने खाली सही केली.

ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं मिळून अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मेघाचा फोन वाजला आणि पुनम नुसतं ओरडली, "पंखा! ताई, तीन पाती! एकावर जळमट आहे!" मेघा रडली. नाना पेढे घेऊन धुळ्याला आले. ललितच्या पाठीवर सगळ्यांनी थाप मारली. दीड वर्ष सगळं इतकं चांगलं चाललं, की मेघा तो प्रश्न विसरलीसुद्धा. म्हणजे विसरली असं तिला वाटलं. नशिराबादचं स्थळ आलं. मुलाचं नाव नवीन, हार्डवेअरचं दुकान, वागायला सरळ. त्याला पुनम पसंत पडली. साखरपुडा झाला आणि आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय तृतीया झाल्यावरचा मुहूर्त धरला.

संक्रांतीच्या आसपास पुनमने फोनवर सहज सांगितलं, "ताई, रात्री गाड्यांचे दिवे फाटल्यासारखे दिसतात गं. आणि सुईला दोन टोकं दिसतात. एक खरं आणि एक जरा खाली. मी खऱ्यातच मोती ओवते म्हणा."

मेघा पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं.

"डोळे चोळू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"चोळू नकोस म्हणते ना! उद्याच्या उद्या इकडे ये."

पुन्हा नकाशे निघाले. या वेळी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. पुनम खुर्चीवर, मागे नाना, मेघा आणि फाइल धरून ललित. लेझरने बुबुळ तासून नंबर काढतात, त्यात ते थोडं पातळ होतंच, बाईंनी सांगितलं. निरोगी बुबुळ ते सोसतं. लाखात काहींचं सोसत नाही, ते हळूहळू पुढे फुगायला लागतं. पुनमची दोन्ही फुगायला लागली होती, उजवं जास्त.

"यावर उपचार आहे. क्रॉस-लिंकिंग म्हणतात, पिवळे थेंब घालून वरून प्रकाश सोडायचा. गेलेली नजर परत येत नाही, पण आहे ती टिकते. लवकर करायला हवं. महिन्याच्या आत." बाईंनी जुना फॉर्म उलटून पाहिला. "मला वाईट याचं वाटतं, की घरात कुणालाच नव्हतं. असतं तर मी हिच्या डोळ्याला हातच लावला नसता."

नानांना एकदम ठसका लागला. मेघा भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत उभी राहिली. शेजारी ललित होता, त्याचा शर्टाचा हात तिच्या हाताला लागत होता. आताही सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे एकदा खोटं बोललो हेही सांगायचं, आणि पहिल्या खोट्यापेक्षा नंतरचं खरं जड असतं. तिने पुनमला उठवून बाहेर नेलं.

दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकावर नानांनी निकाल दिला. "आखाजी झाली की लग्न. ते होऊन जाऊ दे. मंग नवरा आहे, सासर आहे, करून घेऊ. आता लाल डोळे घेऊन पोरगी पाव्हण्यांसमोर कशी न्यायची? डोळ्यांपायी जुळलेलं लग्न डोळ्यांपायीच मोडायचं का?"

पुनम स्वतःही घाबरलेली होती. तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. "वरची साल खरवडतात म्हणे, ताई. आणि मग चार दिवस मिरची घातल्यासारखी आग. नंतर केलं तर नाही का चालणार?"

खरवडतात, पण थेंबांनी डोळा बधिर असतो. आग होते, पण तिसऱ्या दिवशी कमी होते. उन्हाचा त्रास आठवडाभर, मग माणूस भाकरी करायला उभं राहतं. हे सगळं मेघाला माहीत होतं, स्वतःच्या डोळ्यांनी माहीत होतं. 'मी केलंय, मी बघ कशी आहे' एवढी सहा शब्दांची गोष्ट, आणि पुनम त्याच दिवशी तयार झाली असती. मेघा म्हणाली, "लवकर केलेलं बरं, बाई. पण नाना म्हणतात ते..." आणि रसाचा ग्लास तोंडाला लावला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. लग्नसराईची कामं आली. पुनम चौकटीवर वाकून दिवसदिवस बसायची, आणि डोळ्यांपुढे धूसर झालं की मनगटाने चोळायची. सवय कुणाची सुटते? एरंडोलच्या एका मुलीच्या ब्लाऊजवर मोत्यांची ओळ वाकडी गेली. मुलीच्या आईने तो परत आणून तिच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "डोळे फुटले होते का?" पुनमने हे सांगितलं ते हसत सांगितलं. मेघाला ते हसणं ऐकवेना.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ललित दुपारी जेवायला बसला आणि ताटाला हात लावेना. आदल्या दिवशी पुनम एकटीच येऊन तपासून गेली होती.

"वहिनी, उजवा डोळा हातचा गेला," तो म्हणाला. "बुबुळ इतकं पातळ झालंय, की ते क्रॉस-लिंकिंगही त्याला आता करता येत नाही. पुढे कधीतरी बुबुळ बदलावं लागेल, तेही मिळालं तर. डावा वाचेल, पण याच महिन्यात केलं तर. आणि नाना अजून आखाजीच म्हणतात." त्याने कपाळ चोळलं. "फॉर्म मी भरला. नकाशा काठावरचा होता, मला दिसत होतं. मीच मॅडमना सांगायला हवं होतं, थांबा म्हणून. तिला चौकटीसमोर बसलेलं बघितलं की मला लाज वाटते."

सासूबाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, भाकरी थापत होत्या. प्रेमराज जेवत होता. मेघाच्या हातात वरणाचं पातेलं होतं, ते तिने खाली ठेवलं. तिचा दीर तिचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन बसला होता. इतकं तिला सोसवलं नाही.

"तुमची चूक नाही, ललितभाऊ," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. मला आहे तो आजार. लग्नाच्या आधीपासून आहे. नाशिकला उपचार झाले माझे. तुम्हा सगळ्यांपासून लपवलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही लपवलं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आता तुम्ही काय शिक्षा द्यायची ती द्या."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. अक्कांनी ती आधी उलटली.

"माले माहीत शे, व माय," त्या म्हणाल्या.

मेघाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"लगीननी पहिली दिवाईले तुनी पेटीमा नाशिकना कागद सापडना. प्रेमराजनी वाचा. मी सांगं त्याले, बोलू नको. पोर चांगली शे, काम करस, डोया सांभायस. बापनी झाकं, आपण कसाले उघडं करो? पदरमा पडनं, पवित्र व्हयनं."

मेघाने प्रेमराजकडे पाहिलं. तो ताटातल्या मिठाशी बोटाने खेळत होता. "तुला वाईट वाटेल म्हणून," तो म्हणाला. "तू होऊन सांगशील, असं वाटायचं."

"आणि मला?" ललितचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलंत? मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतो, अक्का! मी त्या खोलीत बसून तो प्रश्न विचारला!"

"तू तोंडना मोकया शे," अक्का म्हणाल्या. "चार जागी बोलता. तिनीच लाज गयती."

ललित ताटावरून उठला. हात न धुताच बाहेर गेला. आणि मेघा तिथेच चुलीच्या कट्ट्याला टेकून उभी राहिली. नऊ वर्षं ती ज्या दाराला पाठ लावून उभी होती, ते दार कधीचं सताड उघडं होतं. मोडेल म्हणून जो संसार तिने पुनमच्या डोळ्यांपेक्षा जपला, तो मोडणारच नव्हता. तिला सासूचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि दोन्ही राग टिकले नाहीत. ही माणसं चांगलीच वागली होती. चांगुलपणाने गप्प बसली होती. वाईट वागली असती, भांडली असती, माहेरी पाठवली असती, तर पुनमचे डोळे वाचले असते.

दुसऱ्या दिवशी ती जळगावला गेली. नाना पहूरला शेतावर गेले होते. मेघाने पुनमला चौकटीवरून उठवलं, समोर बसवलं आणि सांगितलं. नाशिक, पिवळे थेंब, फॉर्म, रसवंती. काही गाळलं नाही. नाही, एक गाळलं.

पुनम नखाने मेणकापडावरचा सुटा दोरा उचलायला लागली.

"तुला माहीत होतं, ललितभाऊ विचारत होते तेव्हा?"

"हो."

"मी तुझ्याकडे बघितलं होतं, ताई."

"हो."

पुनम रडली नाही. रडली असती तर मेघाला सोपं गेलं असतं. मग तिने विचारलं, "खरं सांगितलं असतंस तर तुझं घर मोडलं असतं?"

इथे मेघाला खरं सांगता आलं असतं. पण समोरची मुलगी कशाला तरी धरायला बघत होती, आणि मेघाजवळ द्यायला तेवढंच होतं.

"हो," ती म्हणाली. "मोडलं असतं."

"मग ठीक आहे," पुनम म्हणाली. तिने पुढे होऊन मेघाचा हात धरला. "आईच्या जागी तू होतीस गं. तुझं घर मोडून मला डोळे नको होते. मला कळलं असतं तर मीच म्हटलं असतं, नाही म्हण." आणि मग ती रडली, मेघाच्या मांडीवर डोकं ठेवून. मेघाने तिचे केस कुरवाळले. स्वतःचं तोंड तिला इतकं नकोसं कधी झालं नव्हतं.

पुनमने संध्याकाळी नवीनला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, उजव्या डोळ्यासकट. नाना पहूरहून येईपर्यंत बातमी नशिराबादला पोहोचलेली होती. नाना ओरडले, मग ओट्यावर जाऊन एकटेच बसले. दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, आधी पोरीला बरी होऊ द्या, लग्नाचं पुढे बघू. पुढे बघू म्हणजे काय ते आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं.

डाव्या डोळ्याचं धुळ्यातच झालं. ललित पूर्णवेळ तिच्या उशाशी उभा होता, कुणाशी बोलत नव्हता. पुनमला देवपुरातल्या घरीच ठेवलं. मधल्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या. ती दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडली होती, डोळ्यातून धारा चालू होत्या. उजव्या डोळ्याने बोटं मोजण्यापलीकडे फारसं दिसत नव्हतंच, आणि डावा उघडायचा नव्हता. मेघा तिला मिनिटामिनिटाला सांगायची, आता अशी आग होईल, आता कमी होईल, आता खुपल्यासारखं वाटेल. सगळं तसंच व्हायचं. "बरं झालं तू आहेस," पुनम म्हणायची.

त्या पहिल्या दिवाळीचं पुनमसमोर काढू नका, ही एक गोष्ट अक्कांना सांगायची राहून गेली होती. राहून गेली नव्हती, मेघाला ती सांगता आली नव्हती. काय सांगणार? की माझं अजून एक खोटं सांभाळा?

तिसऱ्या दिवशी दुपारी आग थोडी कमी झाली. अक्का वरणभात कालवून घेऊन आल्या आणि पुनमच्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने भरवायला लागल्या. पुनम मिटल्या डोळ्यांनी तोंड उघडायची. मेघा पायथ्याशी बसून थेंबांच्या बाटल्या लावत होती.

"खाय, माय, खाय," अक्का म्हणत होत्या. त्यांच्या आवाजात खरी माया होती. "एक डोया तं वाचना. तुनी बहीण उगाच भ्यायनी आम्हले. आम्ही काय वाघ शेत का? पहिलाच सालले कळनं व्हतं आम्हले तिना डोयास्नं. कोणी एक शबद बोलनं नही तिले. आते बी काय बोलतूत?"

पुनमच्या तोंडात घास होता. तो तिने चावला नाही.

"पहिल्याच साली?" तिने विचारलं.

"दिवाईले," अक्का म्हणाल्या आणि पुढचा घास कालवायला लागल्या.

 खोलीत अंधार होता, तरी पुनमचा चेहरा तिला दिसत होता. पुनमने तोंडातला घास हळूहळू गिळला. मग अक्कांचा हात चाचपून बाजूला केला आणि आवाजाच्या अंदाजाने मेघाच्या दिशेला तोंड वळवलं.

"ताई."

"हं."

"मग माझे डोळे कशासाठी गेले गं?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. दुकानात हिशेब लागला नाही की माणूस विचारतं, तसं तिने साधं विचारलं होतं. अक्का एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना काही उमगेना. मेघाने हातातली बाटली खाली ठेवली. सांगण्यासारखं खरं तिच्याजवळ उरलं नव्हतं, आणि खोटंही. पुनम डोळे मिटून उत्तराची वाट बघत बसून राहिली.